तायक्वांदो : एका परंपरेची घडण

सायंकाळची वेळ असते. भारतातील एखाद्या शहरातील शाळेच्या पटांगणावर पांढरा गणवेश घातलेली मुले-मुली रांगेने उभी असतात. कोणाच्या कमरेला पिवळा पट्टा, कोणाच्या हिरवा, निळा किंवा तांबडा. शिक्षकांच्या कमरेला काळा. आज्ञा होताच सर्वांचे पाय एकाच वेळी छातीच्या उंचीपर्यंत झेपावतात आणि मुखांतून 'हाना, दुल, सेत' असे शब्द उमटतात. हे शब्द म्हणजे कोरियन भाषेतील एक, दोन, तीन. ज्या देशाचा प्रवास या मुलांनी कधी केलेला नाही, त्या देशाचे आकडे ती सहजपणे मोजत असतात. ही कला म्हणजे तायक्वांदो.

तायक्वांदो ही दोन हजार वर्षांची प्राचीन कोरियन युद्धकला आहे, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते. दुसरीकडे, 'तायक्वांदो' हे नाव १९५५ पूर्वी कोठेही वापरात नव्हते, असे इतिहास सांगतो. या दोन विधानांत मोठे अंतर आहे. ते कसे निर्माण झाले, हे समजून घेतले की एका क्रीडाप्रकाराबरोबरच एका राष्ट्राच्या मनाचीही ओळख होते.

नावाचा अर्थ

'तायक्वांदो' हा शब्द तीन पदांचा बनला आहे. 'तै' म्हणजे पायाने आघात करणे किंवा तुडविणे, 'क्वॉन' म्हणजे मूठ आणि 'दो' म्हणजे मार्ग. हात आणि पाय यांच्या साहाय्याने, कोणतेही शस्त्र न घेता स्वतःचे रक्षण करण्याचा मार्ग, असा त्याचा अर्थ होतो. 'मार्ग' या शब्दात शिस्त, संयम आणि गुरूविषयीचा आदर यांचाही समावेश आहे. म्हणूनच सरावाच्या जागेत, म्हणजे 'दोजांग'मध्ये, प्रवेश करताना विद्यार्थी प्रथम वाकून अभिवादन करतो आणि लढतीच्या आरंभी व शेवटी प्रतिस्पर्ध्यालाही नमस्कार करतो.

प्राचीन खुणा

कोरियाच्या द्वीपकल्पावर प्राचीन काळी गोगुर्यो, बेकजे आणि सिल्ला अशी तीन राज्ये होती. त्यांपैकी गोगुर्यो राज्याचा विस्तार आजच्या चीनच्या ईशान्य भागापर्यंत होता. तेथील जिआन या नगराजवळ गोगुर्योकालीन थडगी आहेत. त्यांच्या भिंती रंगीत चित्रांनी सजविलेल्या आहेत. एका थडग्यात समोरासमोर उभे राहिलेले दोन पुरुष रेखाटलेले आहेत. त्यांचे हात पुढे सरसावलेले असून पाय फाकलेले आहेत. हे चित्र सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे आहे. तायक्वांदोचा पुरावा म्हणून याच चित्राकडे नेहमी बोट दाखविले जाते.

त्या काळी कोरियात निःशस्त्र झुंजीचा काही प्रकार होता, एवढे हे चित्र निश्चित सांगते. परंतु तो प्रकार कसा शिकविला जाई, त्याचे नियम कोणते, तो पुढच्या पिढ्यांकडे कसा गेला, यांविषयी चित्र मौन पाळते. तशा झुंजी जगातील बहुतेक सर्व प्राचीन समाजांत होत्या.

पुढे गोर्यो राजवटीत, म्हणजे इसवी सन ९१८ ते १३९२ या काळात, 'सुबाक' नावाच्या निःशस्त्र द्वंद्वाचे उल्लेख इतिहासग्रंथांत मिळतात. सुबाकमध्ये निपुण असलेल्या सैनिकाला बढती मिळत असे. या खेळाशी एक मोठी ऐतिहासिक घटना जोडलेली आहे. सन ११७० मध्ये राजा उइजोंग याच्यासमोर सैनिकांच्या सुबाकच्या लढती चालू होत्या. एक वयोवृद्ध सेनापती लढतीतून माघारी फिरला, तेव्हा दरबारातील एका तरुण मुलकी अधिकाऱ्याने त्याच्या मुखात मारली. उपस्थित दरबारी हसले. सैन्यात आधीपासून असंतोष खदखदत होता. या अपमानाने त्याचा भडका उडाला. सैनिकांनी मुलकी अधिकाऱ्यांची कत्तल केली, राजाला पदच्युत केले आणि त्यानंतर सुमारे शंभर वर्षे राज्याची सूत्रे सेनाधिकाऱ्यांच्या हाती राहिली.

इसवी सन १३९२ पासून जोसोन राजवट सुरू झाली. या राजवटीने कन्फ्यूशियसच्या विचारांना राजाश्रय दिला. विद्वानाला मान आणि योद्ध्याला दुय्यम स्थान, अशी समाजाची रीत झाली. तरीही १७९० मध्ये राजा जोंगजो याच्या आज्ञेने युद्धविद्येचा एक सचित्र ग्रंथ सिद्ध झाला. त्यात चोवीस युद्धप्रकारांचे वर्णन आहे. त्यांतील बहुतेक प्रकार तलवार, भाला आणि घोडेस्वारी यांचे आहेत. निःशस्त्र झुंजीला त्यात एकच प्रकरण मिळाले आहे आणि तेही मुख्यतः एका चिनी सेनानीच्या जुन्या ग्रंथावर आधारलेले आहे.

तेक्क्योन : लोकांचा खेळ

राजदरबार ग्रंथ रचीत असताना सामान्य लोकांमध्ये एक वेगळाच खेळ रंगत होता. त्याचे नाव तेक्क्योन. त्यात दोन खेळाडू समोरासमोर उभे राहून गुडघे वाकवीत, नाचल्यासारखी लयबद्ध पावले टाकतात. ती पाहून हा खेळ आहे की नृत्य, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. मात्र क्षणात एकाचा पाय सुटतो आणि दुसरा जमिनीवर आडवा होतो. पायाने प्रतिस्पर्ध्याचा तोल घालवणे किंवा त्याच्या मस्तकापर्यंत लाथ पोहोचविणे हे विजयाचे मार्ग होत.

एकोणिसाव्या शतकातील एका कोरियन चित्रात लोकांच्या गर्दीत कुस्तीबरोबर तेक्क्योनचाही खेळ चाललेला दिसतो. स्ट्युअर्ट क्यूलिन या अमेरिकी अभ्यासकाने १८९५ मध्ये कोरियातील खेळांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातही पायांनी खेळल्या जाणाऱ्या या खेळाची नोंद आहे. तेक्क्योन अस्तित्वात होता, लोकप्रिय होता, याविषयी शंका नाही.

पारतंत्र्याची पस्तीस वर्षे

सन १९१० मध्ये जपानने कोरिया आपल्या साम्राज्यात विलीन केला. १९४५ पर्यंत हे पारतंत्र्य टिकले. परक्या सत्तेखालील जीवन कसे असते, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. कोरियात या सत्तेचा हात हळूहळू लोकांच्या घरापर्यंत पोहोचला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस शाळांमधून कोरियन भाषेचे स्थान काढून घेण्यात आले. १९४० पासून कोरियन लोकांवर जपानी पद्धतीची नावे धारण करण्याची सक्ती करण्यात आली. जेथे स्वतःची भाषा आणि नाव टिकविणे कठीण झाले, तेथे गल्लीतील खेळ कसा टिकणार? तेक्क्योन जवळजवळ नाहीसा झाला. तो पूर्णपणे जाणणारे फारच थोडे लोक उरले. सेऊल येथील सोंग देओक-गी हे त्यांपैकी एक होत.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. अनेक कोरियन तरुण उच्च शिक्षणासाठी जपानला गेले. जपानमध्ये तेव्हा कराटे ही कला नव्याने लोकप्रिय होत होती. मूळची ओकिनावा बेटावरील ही कला गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकियोत आणली आणि तेथील विद्यापीठांतून तिचे वर्ग सुरू झाले. ली वोन-गुक, रो ब्युंग-जिक यांसारख्या कोरियन विद्यार्थ्यांनी कराटेचे रीतसर शिक्षण घेतले. मायदेशी परतताना ही विद्या त्यांच्याबरोबर आली.

तालमींचा काळ

ली वोन-गुक यांनी १९४४ मध्ये सेऊल येथे 'चुंग दो क्वान' ही शिक्षणशाळा सुरू केली. 'क्वान' म्हणजे भवन किंवा शाळा. आपल्याकडील तालमीशी त्याची तुलना करता येईल. १९४५ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर अशा आणखी तालमी निघाल्या. यांपैकी बहुतेक तालमींच्या संस्थापकांनी कराटेचे शिक्षण घेतलेले होते. काहींनी मांचुरियात चिनी पद्धतीही आत्मसात केल्या होत्या. संगीतातील घराण्यांप्रमाणे प्रत्येक तालमीची स्वतःची शिस्त आणि स्वतःचा अभिमान असे. शिकविल्या जाणाऱ्या विद्येला कोणी 'तांगसूदो' म्हणत, तर कोणी 'गोंगसूदो'. ही दोन्ही नावे म्हणजे 'कराटे' या शब्दासाठी वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांचे कोरियन उच्चार होत.

येथेच एक पेच निर्माण झाला. देश स्वतंत्र झाला होता. परक्या सत्तेची चिन्हे पुसून टाकण्याची तीव्र इच्छा सर्वत्र होती. पण तरुण जी कला अभिमानाने शिकत होते, तिच्या नावापासून तिच्या हालचालींपर्यंत त्याच सत्तेच्या देशाची छाप होती. ती टाकून द्यावी, तर हाती काहीच उरत नव्हते. तशीच ठेवावी, तर स्वाभिमान दुखावत होता.

नावाचा जन्म

या पेचातून मार्ग काढणाऱ्यांमध्ये सेनाधिकारी चोई होंग-ही यांचे नाव ठळकपणे येते. १९१८ मध्ये आजच्या उत्तर कोरियात जन्मलेल्या चोई यांनी जपानमध्ये विद्यार्थी असताना कराटे शिकले होते. त्यांनी आपल्या सैनिकांना निःशस्त्र झुंजीचे शिक्षण दिले. त्यांच्या सैनिकांचे एक प्रात्यक्षिक राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी पाहिले. ते पाहून, 'हे तर आपले तेक्क्योन!' असे उद्गार वृद्ध राष्ट्राध्यक्षांनी काढले, अशी आख्यायिका सांगितली जाते.

१९५५ मध्ये चोई यांच्या पुढाकाराने झालेल्या बैठकीत 'तायक्वांदो' हे नाव निवडण्यात आले. नावाची निवड मोठी मार्मिक होती. त्याचा उच्चार लोकांच्या ओठांवरील 'तेक्क्योन'शी जुळत होता आणि त्यात पायाच्या आघाताला अग्रस्थान मिळाले होते. तरीही सर्व तालमींनी ते लगेच स्वीकारले नाही. १९६१ मध्ये या तालमी एका संघटनेखाली आल्या, तेव्हा तडजोड म्हणून 'तेसूदो' हे नाव घेण्यात आले. १९६५ मध्ये ते बदलून 'तायक्वांदो' हेच नाव संघटनेने मान्य केले.

हातांकडून पायांकडे

केवळ नाव बदलल्याने कला बदलत नाही. तायक्वांदो खऱ्या अर्थाने वेगळी झाली, ती सरावाच्या जागेत. आरंभीच्या तालमींतून कराटेतील ठरावीक हालचालींचे क्रमबंध जसेच्या तसे शिकविले जात. हळूहळू त्यांच्या जागी नवे क्रमबंध रचले गेले. चोई यांच्या पद्धतीतील अनेक क्रमबंधांना कोरियाच्या इतिहासातील व्यक्तींची आणि प्रसंगांची नावे आहेत. 'सामिल' या क्रमबंधात तेहेतीस हालचाली आहेत. १ मार्च १९१९ च्या स्वातंत्र्यचळवळीच्या घोषणापत्रावर सही करणाऱ्या तेहेतीस देशभक्तांचे त्या स्मरण करून देतात. 'जुंगगुन' या क्रमबंधात बत्तीस हालचाली आहेत. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, १९१० मध्ये, जपानी सत्तेने फाशी दिलेले क्रांतिकारक आन जुंग-गुन यांची ती आठवण आहे. ज्या राष्ट्राच्या शाळेतून त्याची भाषा हद्दपार झाली होती, त्या राष्ट्राने आपला इतिहास असा हातापायांच्या हालचालींत गुंफला.

दुसरा बदल स्पर्धांमुळे झाला. कराटेच्या सरावात फटका अंगाला लागण्यापूर्वी थांबविण्याची रीत होती. तायक्वांदोच्या आयोजकांनी खेळाडूंना छातीचे कवच घालून प्रत्यक्ष आघाताच्या लढती सुरू केल्या. मुठीने चेहऱ्यावर मारण्यास मनाई आणि उंच लाथेला अधिक महत्त्व, असे नियम झाले. नियम बदलले की खेळाडूची बुद्धीही नव्या दिशेने धावते. वेगवान, उंच आणि गिरक्या घेत मारलेल्या लाथा विकसित झाल्या. काही दशकांतच तायक्वांदोची लढत पाहताक्षणी कराटेहून वेगळी ओळखू येऊ लागली.

एक कला, दोन संघटना

१९६६ मध्ये चोई यांनी सेऊल येथे आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ स्थापन केला. पुढे राज्यकर्त्यांशी मतभेद झाल्याने १९७२ मध्ये ते कॅनडात गेले. त्याच वर्षी सेऊलमध्ये 'कुक्कीवॉन' हे तायक्वांदोचे केंद्र उभे राहिले. १९७३ मध्ये तेथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली आणि किम उन-योंग यांच्या नेतृत्वाखाली जागतिक तायक्वांदो महासंघाचा जन्म झाला. चोई यांनी १९८० मध्ये आपले पथक उत्तर कोरियात नेले आणि तेथेही ही कला रुजविली. २००२ मध्ये त्यांचा मृत्यू प्योंगयांग येथे झाला. अशा रीतीने, देशाची जशी फाळणी झाली, तशीच कलेचीही झाली. दक्षिणेत एक पद्धत, तर उत्तरेत दुसरी.

मात्र या दुराव्याला छेद देणारे क्षणही आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये दक्षिण कोरियातील प्योंगचांग येथे हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटन समारंभापूर्वी दोन्ही बाजूंच्या पथकांनी एकाच मंचावर प्रात्यक्षिके दाखविली. दोन्ही देशांच्या राज्यकर्त्यांना जे सहसा साधत नाही, ते काही मिनिटांसाठी खेळाडूंनी साधले.

जगाच्या मैदानात

१९६० आणि १९७० च्या दशकांत कोरियन शिक्षक जगभर गेले. भारतात ही कला १९७० च्या दशकाच्या मध्यास आली. १९८८ च्या सेऊल आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये तायक्वांदोचा प्रदर्शनीय खेळ म्हणून समावेश होता. १९९४ मध्ये त्याला ऑलिम्पिक क्रीडाप्रकार म्हणून मान्यता मिळाली आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून त्यात पदके दिली जाऊ लागली.

या खेळाला महागडे साहित्य किंवा विस्तीर्ण मैदान लागत नाही. म्हणूनच ज्या देशांना ऑलिम्पिकमध्ये यश दुर्मीळ होते, त्यांनाही त्यातून संधी मिळाली. अफगाणिस्तानच्या रोहुल्ला निकपाई यांनी २००८ मध्ये बीजिंग येथे कांस्यपदक मिळविले. ते त्यांच्या देशाचे पहिले ऑलिम्पिक पदक होते. २०१६ मध्ये रिओ येथे अहमद अबुघौश यांनी जॉर्डनला पहिले ऑलिम्पिक पदक मिळवून दिले आणि तेही सुवर्ण. २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये तायक्वांदोचा प्रथमच समावेश झाला. त्या स्पर्धेत हरियाणाच्या अरुणा तन्वर यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले.

मूळ कोणते?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. तायक्वांदो दोन हजार वर्षे जुनी आहे की जेमतेम सत्तर वर्षांची?

स्वातंत्र्यानंतरच्या काळात संघटनांनी आपल्या पुस्तकांतून थडग्यातील चित्र, सुबाक, तेक्क्योन आणि तायक्वांदो यांची एक अखंड साखळी मांडली. कराटेचा उल्लेख टाळला गेला किंवा ओझरता केला गेला. यामागची भावना समजण्यासारखी आहे. ज्याचे सर्वस्व हिरावले गेले, तो आपल्या पूर्वजांचा आधार शोधतो. परंतु १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कोरियातीलच काही अभ्यासकांनी ही साखळी तपासली. तिच्या अनेक कड्या त्यांना जुळलेल्या आढळल्या नाहीत. तालमींच्या संस्थापकांचे शिक्षण कोठे झाले, जुने क्रमबंध कोणते होते, याची साधने उपलब्ध होती. आपल्या राष्ट्राच्या लाडक्या कथेला प्रश्न विचारणे सोपे नसते. त्यांनी ते केले.

दरम्यान, खरे तेक्क्योनही पुन्हा उजेडात आले. सोंग देओक-गी आणि त्यांचे शिष्य शिन हान-सुंग यांच्या प्रयत्नांमुळे १९८३ मध्ये दक्षिण कोरियाच्या शासनाने त्याला महत्त्वाचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. हे गुरुशिष्य दोघेही १९८७ मध्ये निवर्तले. २०११ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत तेक्क्योनचा समावेश केला. तो मान मिळविणारी ती पहिली युद्धकला ठरली. तायक्वांदो आणि तेक्क्योन या दोन वेगळ्या कला आहेत, हे आता दोहोंना शेजारी शेजारी पाहून कोणालाही पटते.

मग तायक्वांदोचे मोल कमी झाले काय? तसे मानण्याचे कारण नाही. कराटेचेही मूळ ओकिनावात आणि त्याहीपलीकडे चीनमध्ये आहे. विद्या सीमा ओळखत नाही. ती ज्याच्याकडे जाते, त्याच्या घरातील होऊन जाते. कोरियन लोकांनी पारतंत्र्यात हाती आलेली एक विद्या घेतली, तिला आपले नाव दिले, आपला इतिहास तिच्यात ओतला, तिचे नियम बदलले आणि तिला जगासमोर ठेवले. हे कार्य एका पिढीच्या काळात झाले आणि त्याच्या नोंदी उपलब्ध आहेत. दोन हजार वर्षांच्या कथेपेक्षा हा सत्तर वर्षांचा इतिहास कमी अभिमानास्पद नाही.

पटांगणावर 'हाना, दुल, सेत' म्हणणाऱ्या मुलांना थडग्यातील चित्र ठाऊक नसेल. पण प्रतिस्पर्ध्यासमोर वाकून नमस्कार करताना ती ज्या शिस्तीचे पालन करतात, ती युद्धातून आणि पारतंत्र्यातून सावरणाऱ्या माणसांनी आपल्या मुलांसाठी घडविलेली आहे.